हो म्हणून मग नाही म्हणणारे

सेक्टर ३०, चंदीगड
२१ जानेवारी २००१

चि. विशू,
आशीर्वाद.

तुम्ही अकोल्याला सुखरूप पोचलात हे मला पद्मजाकडून कळलं, आणि पद्मजाला तुमच्या घरमालकांकडून. सख्खा धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन शहर सोडतो आणि सायकलने दहा मिनिटांवर राहणाऱ्या बहिणीला ते शेजारीण सांगते, याला काय म्हणायचं ते तूच सांग. तुला इथे आणलं कोणी? चौऱ्याण्णव साली ‘ताई, इकडे काही जमत नाही’ असं तुझं पत्र आलं, तेव्हा तुझ्या भाऊजींनी लॅबमधून अर्ध्या अर्ध्या रजा टाकून इंडस्ट्रियल एरियातल्या फॅक्टऱ्यांचे उंबरे झिजवले होते. ट्रॅक्टरच्या गिअरची ती फॅक्टरी पुढे बंद पडली आणि तुला दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायची पाळी आली, यात आमचा काय दोष?

पद्मजा म्हणते, तुम्ही वल्लरीच्या त्या कागदावरून गेलात. मला हसूच आलं. सातवीतल्या मुलीच्या गणितावरून कोणी गाव सोडतं का?

तुझ्या मनात काही राहायला नको म्हणून सगळं नीट लिहिते. नोव्हेंबरात मी सातवीला बैजिक राशी शिकवत होते. ठरलेला पगार लिहायचा, नगामागे जे मिळतं ते लिहायचं, नग किती ते माहीत नाही म्हणून त्याला x म्हणायचं, झाली राशी. मग घरचा अभ्यास दिला, आपल्या घरातल्या एका माणसाची कमाई अशी लिहून आणा. निम्म्या वर्गाचे वडील सरकारी नोकरीत, त्यांनी नुसता एक आकडा लिहून आणला. त्यांच्या घरात x च नाही. वल्लरीने तुझी कमाई आणली. महिन्याचे ठरलेले दीड हजार आणि विकलेल्या प्रत्येक मशीनमागे तीनशे, म्हणजे १५०० + ३००x. ऑक्टोबरात तू पाच मशीन विकलीस, म्हणून तीन हजार. वर्गातला तो सगळ्यात चांगला कागद होता, म्हणून पालकांच्या मीटिंगला मी तो बोर्डावर लावला. दुसऱ्या कोणाचा असता तरी लावला असता. यात तुझी अब्रू गेली असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. कष्टाची कमाई आहे, चोरी नाही.

राहिलं तुझं मशीन. ते मी परत केलं ते यांना आवाज सहन होत नाही म्हणून. तेसुद्धा कंपनीच्या नियमात, आठ दिवसांच्या आत.

शैलजाकडे माझा पाच लिटरचा कुकर राहिला आहे. घाई नाही. वल्लरीला सांग, आत्या रागावलेली नाही.

तुझी
ताई


चंदीगड
८ एप्रिल २००१

चि. विशू,
आशीर्वाद.

सोबत वल्लरीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. तू अर्ज शाळेच्या पत्त्यावर केलास, माझ्या नाही. तो मुख्याध्यापिकेच्या टेबलावरून फिरत शेवटी माझ्याकडेच आला, कारण सातवीची वर्गशिक्षिका मीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. सोडण्याचं कारण या रकान्यात मी ‘वडिलांची बदली’ असं लिहिलं. खोटं आहे, पण इथे सगळ्यांचं तेच असतं, कोणी विचारत नाही.

वर्ष संपलं म्हणून बोर्ड उतरवला आणि कपाट आवरलं. त्यात तिचा कागद सापडला. बोर्डावरचा नव्हे, पहिला, तिने घरून आणलेला. मागच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं. १५०० + ३००x ही राशी मी तपासल्यानंतरची. तिने आणली होती ती अशी, १५०० + ३००x − ४००y. आणि खाली तिच्या गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की y म्हणजे आधी हो म्हणून मग नाही म्हणणारी माणसं. ऑक्टोबरात ती दोन. म्हणून तिचं उत्तर तीन हजार नव्हतं, बावीसशे होतं.

मी ते शेवटचं पद लाल रेघेने खोडलं. तिला उभं केलं. म्हटलं, कमाई में जोड़ते हैं बेटा, घटाते नहीं.

ती म्हणाली, “मैम, पर घटता तो है.”

“तीन सौ मिलते हैं तो चार सौ कैसे कटेंगे?”

“मशीन वापस आ जाए तो तीन सौ वापस, और सौ उसको लाने का किराया.”

मग मी विचारलं की हे हो-नाही म्हणणारे लोक कोण. ती म्हणाली, “ऐसे ही मैम, कोई भी.” मुलं हसली. मी तिला y शिवायचा स्वच्छ कागद करायला लावला आणि त्याला दहापैकी दहा दिले. तोच बोर्डावर गेला.

तू म्हणशील, असं का केलंस? विशू, धड्यात एकच अक्षर होतं. दुसरं पुढच्या वर्षी येतं. एकीचं दोन अक्षरांचं बरोबर धरलं तर बाकीच्यांना काय सांगू? आणि ती माझी भाची, सगळा वर्ग बघत होता. घरी आत्या, शाळेत मॅम, हा नियम मी तिला पहिल्या दिवशीच घालून दिला होता. परक्या मुलीला कदाचित मी विचारलं असतं की अगं, हे तुला कसं सुचलं. आपल्या मुलीला आपण विचारत नाही, कापतो. ते चुकलं असेल, तर चुकलं.

बाकी ठीक. इथे उन्हं तापायला लागली आहेत. पत्र टाकत जा. दोन ओळी टाकल्या तरी चालतील.

ताई


चंदीगड
१६ नोव्हेंबर २००१, भाऊबीज

चि. विशू,

सकाळी पाट मांडला. हे म्हणाले, कोण येणार आहे? मी म्हटलं, सवयीने मांडला. सात वर्षं तू आणि वल्लरी सायकलवर यायचात, ती मागे बसून मिठाईचा डबा पोटाशी धरून असायची. मग पाट उचलला आणि तुला पत्र लिहायला बसले. ओवाळणी नको, उत्तर दे म्हणजे झालं.

आज सणाचं खोटं नको. यांना आवाजाचा काही त्रास नव्हता. उलट मशीन परत जाताना हेच म्हणाले होते, ‘राहू दे की गं, चांगलं आहे, आणि विश्वनाथचा एक नग होईल.’ मीच नको म्हटलं.

नवरात्रातलं हळदीकुंकू आठवतं का तुला? माझ्याकडे पंधरा-वीस जणी जमल्या होत्या, सगळ्या इथल्या आपल्या मराठी घरांतल्या. कोणाचे यजमान हॉस्पिटलात, कोणाचे युनिव्हर्सिटीत. त्यांना मी तू मार्केटिंगमध्ये आहेस असं सांगून ठेवलं होतं. आणि तू टाय लावून, हातात ते मशीन घेऊन आलास. मीच बोलावलं होतं तुला, नाही म्हणत नाही. चार बायका एकत्र सापडतील, तुझं काम होईल, असंच मनात होतं. पण तू ‘नमस्कार, मी आपले फक्त दहा मिनिटं घेणार’ असं पाठ केलेलं बोलायला लागलास आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग तू नळीला पांढरा रुमाल लावलास आणि आमच्या दिवाणावरून फिरवलास. काळा झालेला रुमाल उलगडून एकेकीला दाखवलास. बायका हसल्या. पद्मजा म्हणाली, ‘शशिकलाबाई, तुमच्याकडे एवढी धूळ, मग आमच्याकडे काय असेल!’ तिने तुझं काम सोपं केलं, बिचारीने. मला मात्र वाटलं, माझ्या घरची धूळ माझा भाऊ कमिशनसाठी दाखवतो आहे.

ते लवकर आटपावं म्हणून मी म्हटलं, ‘पहिलं माझं लिही.’ तू केवढा खूश झालास. मागोमाग पद्मजाने नाव दिलं. तू गेल्यावर मी त्या रुमालाचाच विचार करत बसले. मशीन आलं, सहा दिवस खोक्यातच राहिलं, सातव्या दिवशी मी कंपनीला फोन केला. मनात म्हटलं, एक मशीन परत गेलं तर कंपनीला काय फरक पडतो. कंपनीला, असं म्हटलं. तुझं नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही.

दिवाळीला शैलजा आली तेव्हा तिने कौतुकाने विचारलं, ‘ताई, मशीन कुठे ठेवलं? बघू तरी.’ मी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलं आहे. ती बापडी म्हणाली, ‘एवढ्यात?’ मी विषय बदलला.

आता लिहून टाकलं. एवढं वाचून तरी उत्तर देशील ना? मी एक मशीन परत केलं, सख्ख्या बहिणीने करायला नको होतं. माफ कर.

ताई


चंदीगड
४ फेब्रुवारी २००४

विशू,

सव्वादोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि काल शैलजाचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलं आहे तिने, पण आता ते लपवण्यात अर्थ नाही. चार पानी पत्रात तीन पानं वल्लरीच्या दहावीची आहेत. सराव परीक्षेत बीजगणितात नापास झाली म्हणून. मुलगी पेपरला बसते, अंकगणित सोडवते आणि अक्षरं आली की पेन खाली ठेवते. शैलजाने विचारलं तर म्हणते, ‘जे असतं ते लिहिलं की कापतात.’

चौथं पान मी तुला जसंच्या तसं उतरवून देते.

“ताई, तुम्हाला म्हणून लिहिते. त्या मीटिंगला मी बोर्डापुढे उभी होती तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, हे बरोबर आहे ना, आणि तुम्ही म्हणाल्या होत्या की मी तपासलंय. कागदावर तीन हजार होते. यांनी मला बावीसशे दिले होते. तेव्हा मी वल्लरीचं दूध अर्ध्यावर आणलं होतं. मग मी रोज संध्याकाळी विचारायची, आज किती मशीन विकली, आणि महिना झाला की तुमच्या त्या रितीनं हिशोब करायची. नोव्हेंबरात चारशे कमी. विचारलं तर हे गप्प. पोरीला विचारलं, ती म्हणे, मॅमनं सांगितलं तेच बरोबर. मग भांडण झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. यांनी नोकरी सोडली, गाव सोडलं, पण ते पैसे कुठे गेले ते आजपर्यंत सांगितलं नाही. इथे मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं, बरं चालतं. पण रोज गल्ला मी मोजून घेते. मला ते करायला आवडत नाही ताई. तीन वर्षं झाली, ते आठशे रुपये आमच्या घरात पाटावर बसून जेवतात. मार्चात पेपर झाले की मी वल्लरीला घेऊन वाशीमला माहेरी जाणार. भावानं पतसंस्थेत काम बघून ठेवलं आहे. तुम्ही मोठ्या आहात म्हणून कळवलं.”

हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गॅस पेटवला आणि काय करायचं ते आठवेना.

पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे. मुलांना सांगते, राशी एकदा नीट मांडली की कोणत्याही महिन्यात घाला, खरं उत्तर येतं. शैलजाने तेच केलं. बारावी शिकलेली बाई, माझ्या वर्गात नसून माझं ऐकलं. मी दिलेली राशी ती दर महिन्याला वापरत राहिली आणि दर महिन्याला तू चोर ठरत राहिलास. चूक तिच्या बेरजेत नव्हती.

आणि ते आठशे. दोन माणसं, प्रत्येकी चारशे. एक मी. दुसरी कोण ते मला माहीत आहे. मी मशीन परत केल्याचं पद्मजाला जिन्यात सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘सख्ख्या बहिणीने घेतलं नाही म्हटल्यावर मी कशाला ठेवू?’ आणि दुसऱ्या दिवशी तिचं परत गेलं. म्हणजे चारशे माझे आणि चारशे माझ्यामुळे. बावीसशे आणि आठशे तीन हजार, बरोबर जमतं. नोव्हेंबरातले चारशे म्हणजे आणखी कोणीतरी एकाने परत केलं असणार. तू एक रुपया खाल्ला नाहीस.

पण तू शैलजाला का सांगितलं नाहीस? ‘दोन ऑर्डरी रद्द झाल्या’ एवढं तर म्हणायचं. मी रात्रभर विचार केला नाही, खोटं कशाला लिहू, मला पाच मिनिटांत कळलं. तिने विचारलं असतं, कोणाच्या? तुला थाप मारता येत नाही, लहानपणापासून येत नाही. आणि मी तिला सर्व्हिसिंगची थाप मारून बसले होते. तू खरं सांगितलं असतंस तर मी खोटी ठरले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तू झाकलीस आणि घर गमावत बसलास.

मी शैलजाला लिहू का? तू सांगशील तसं करते.

ताई


चंदीगड
२२ फेब्रुवारी २००४

विशू,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे खाली उतरते.

‘ताई, जुनं उकरू नकोस. शैलजाला काही लिहू नकोस, तिच्या मनातून तू उतरशील. तिला तुझा फार आदर आहे. माझं मी बघतो.’

किती सोयीचं आहे रे हे. तू आज्ञा केलीस आणि मी पाळली, असं म्हणून मी सुखाने बसू शकते. भावाचा शब्द राखला, वर पुण्य. खरं सांगते, कार्ड वाचल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखंच वाटलं. चहा केला, पेपर तपासले. मग तपासता तपासता एका पोराचं उत्तर कापायला लाल पेन उचललं, ते खाली ठेवलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. धड्यात एकच अक्षर होतं, भाची म्हणून कडक वागले, हे जे मी तुला लिहिलं ते सगळं नंतर सुचलेलं आहे. वल्लरीचा कागद पुढे आला, y चा अर्थ वाचला, ‘आधी हो म्हणून मग नाही म्हणणारी माणसं’, आणि ऑक्टोबरात दोन. मला त्याच क्षणी कळलं. खाई त्याला खवखवे. म्हणून तर लाल रेघ मारली. आणि वर तिला भर वर्गात विचारलं, हे कोण लोक आहेत. तिला माहीत नसेल अशी माझी आशा होती. तुझी रोजची कामाची शीट तीच भरून द्यायची हे मी विसरले होते.

ती माझ्याकडे पाहत राहिली. बारा वर्षांची पोर. तिने माझं नाव घेतलं असतं तर साठ मुलांपुढे माझी शोभा झाली असती. ती म्हणाली, ‘ऐसे ही मैम, कोई भी.’ घरी आत्या, शाळेत मॅम. तिने दोघींना वाचवलं आणि मी तिचं उत्तर चूक ठरवलं.

तू गप्प बसलास, ती गप्प बसली. आता तुम्ही दोघं मिळून मलाही गप्प बसायला सांगता. नाही विशू. आयुष्यभर ताई म्हणून तुला हुकूम सोडले, त्यातले निम्मे चुकीचे होते. आज तुझा हुकूम मी मोडते आहे. शैलजाच्या मनातून उतरेन तर उतरेन. त्या जागेवर मी आहे तोवर तू तिथे चढणार नाहीस.

तिला वेगळं पत्र टाकते आहे. तिच्या हातात पडेल असं बघ. दुकानाच्या पत्त्यावर टाकत नाही, घरच्या टाकते, रजिस्टर करून.

ताई


चंदीगड
२४ फेब्रुवारी २००४

सौ. शैलजा हिस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वीस दिवस लावले. त्याआधी तीन वर्षं लावली आहेत, तेव्हा वीस दिवसांचं काय सांगू.

सोबतचा कागद आधी बघ, मग पुढे वाच. चार घड्या पडल्या आहेत, नीट उघड. हा बोर्डावरचा नाही. हा वल्लरीने घरून करून आणला होता, पहिला. तिचं अक्षर तू ओळखशील. त्यावरची लाल रेघ माझी आहे. आज खोडायला घेतली होती, पण रेघेवर रेघ मारून ती दिसायची थांबत नाही. राहू दे.

रेघेखाली वाच, वाचता येतं. दीड हजार, अधिक मशीनमागे तीनशे, वजा चारशे गुणिले y. हे वजा मी तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. कंपनीचा नियम असा होता की कोणी मशीन घेऊन परत केलं तर विश्वनाथच्या पगारातून चारशे कापायचे. तीनशे त्याला मिळालेले आणि शंभर गाडीभाडं. ऑक्टोबरात दोघांनी परत केलं. नोव्हेंबरात एकाने. तो तुला देत होता ते त्याला मिळालेले पूर्ण पैसे होते. मी तीन हजार लिहिले ते चूक होतं. तू मला विचारलंस तेव्हा मी ‘तपासलंय’ म्हटलं. तपासलं होतं, हेच तर वाईट आहे.

आता y कोण ते सांगायचं राहिलं. कागदावर तिने लिहिलं आहे, हो म्हणून मग नाही म्हणणारी माणसं. नावं लिहिली नाहीत. मी लिहिते.

दिवाळीला तू माझ्याकडे मशीन बघायला मागितलंस आणि मी सर्व्हिसिंगला दिलं म्हणाले. ते सर्व्हिसिंगला नव्हतं. मी ते परत केलं होतं, कारण माझ्या भावाने चार बायकांपुढे माझ्या दिवाणातली धूळ काढून दाखवली याचा मला राग आला होता. एवढंच कारण. माझं पाहून पद्मजानेही परत केलं. म्हणजे ते आठशे माझ्याच घरातून गेले. तुझ्या घरात पाटावर बसून जेवत होते ते पैसे नव्हते, ती मी होते.

तुला वाशीमला जायचं तर जा, नोकरी चांगली आहे, मी अडवणार नाही. मोठी म्हणून सल्ला द्यायचा हक्क माझा आता उरला नाही. पण ज्या कारणासाठी जात होतीस ते कारण खोटं आहे आणि ते मी बनवलेलं आहे, हे कळून जा. संध्याकाळी गल्ला मोजायला बसशील तेव्हा मोजू नकोस असंही म्हणत नाही. एकदा फक्त हा कागद शेजारी ठेव.

वल्लरीला पेपरच्या आधी दाखव. तिला सांग, कागदाच्या वर कोपऱ्यात निळ्या शाईने दहापैकी दहा लिहिले आहेत, ते मॅमनी दिले. आणि आत्याने तिची माफी मागितली आहे. दोन्ही वेगवेगळं सांग, एकात मिसळू नकोस. तिला ते कळेल.

आणि एक. तुझ्या नवऱ्याला तू तीन वर्षं विचारते आहेस की पैसे कुठे लपवले. त्याने पैसे लपवले नाहीत शैलजा, मला लपवलं.

कुकर तुलाच असू दे. पुढे मला ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

शशिकला